तिसऱ्या हाकेपर्यंत

मृण्मयी, बाल्कनीचा दिवा मालव बरं. चंद्र ढगाआड गेला म्हणून काय झालं, कोजागिरी आहे. जागायचं तर अंधारात जागू. दूध आटायला अजून अर्धा तास आहे. धवल, तू ढवळत राहा, खाली लागू देऊ नकोस. आणि निहार, तू इकडे ये, माझ्या शालीत. घाबरायचं असेल तर मराठीत घाबर रे बाबा, डचमध्ये घाबरलेलं तुझ्या जयप्रकाशआजोबाला कळत नाही.

हे खरं आहे का, असं मधेच विचारायचं नाही. मी तीस वर्षं आइंडहोवनला यंत्रांची मापं तपासली. केसाच्या जाडीचा फरक असला तरी सही करायचो नाही. भूतबीत मी मानत नाही. पण आज दुपारी ज्याच्याकडे वर्षश्राद्धाचं जेवून मी इथे डीमनला आलो, त्या शशिकांतने मला हे सांगितलंय. तो माझ्या हाताखाली तयार झालेला मुलगा. मापात खोटं बोलणारा नाही.

तर, काम एवढंसंच होतं. दुर्बीण आणायची होती.

गेल्या महिन्यातली गोष्ट. बुधवार, एकोणतीस सप्टेंबर. संध्याकाळचे सव्वासहा झाले होते. शशिकांत मागच्या अंगणात सायकलच्या चेनला तेल घालत होता. त्याचं घर फेलुवेच्या जंगलाच्या अगदी काठाला, आपेलडोर्नच्या अलीकडे. गावाचं नाव सांगू नका म्हणालाय, म्हणून सांगत नाही. आइंडहोवनची चांगली नोकरी सोडून सहा वर्षांपूर्वी तिकडे गेला, का, तर खिडकीतून झाडं दिसावीत. आम्ही तेव्हा त्याला वेड्यात काढलं होतं.

कुंपणापलीकडून शेजारचा खेरित काठी टेकत आला. चौऱ्याहत्तर वर्षांचा म्हातारा, जन्मभर शिकारी. खुब्याचं ऑपरेशन करोनामुळे वर्षभर लांबलेलं, ते जूनमध्ये झालं, आणि डॉक्टरांनी शिडी चढायची नाही असं बजावलेलं. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जाते का? पठ्ठ्या त्या दिवशी पहाटे मचाणावर चढला होता. उतरताना दोन्ही हात शिडीला लागले म्हणून दुर्बीण वरच खिळ्याला अडकवून आला.

"रात्री दव पडेल, काचा खराब होतील," खेरित म्हणाला. "तू जाशील का?" मग म्हणाला, "नको असेल तर नको म्हण. मला ठाऊक आहे आज काय तारीख आहे."

शशिकांत म्हणाला, "दहा मिनिटांचं तर काम आहे. आणतो."

आतून अश्लेषा, त्याची बायको, म्हणाली, "शशी, टॉर्च घे. आणि अंधार पडायच्या आत ये हं, प्लीज. आज नको उशीर." एरवी ती असं म्हणत नसे. त्याने टॉर्च घेतला, पाण्याची बाटली घेतली नि निघाला.

आता त्या तारखेचं काय, ते सांगायला मला मागे जावं लागेल.

शशिकांतचे वडील मोरेश्वर राधानगरीच्या जंगलात वनरक्षक होते. सरकारी खाकी, पायात कायम चिखलाचे बूट, आणि जनावरांवर पोटच्या पोरांसारखी माया. चोरट्या शिकाऱ्यांना त्यांनी उभ्या आयुष्यात किती पकडलं असेल त्याला गणती नाही. आणि त्यांचाच मुलगा इथे येऊन परीक्षा देऊन, लायसन्स काढून, बंदूक घेऊन मचाणावर बसायला लागला! हसू नका. इथे हरणं ठरलेल्या संख्येने कमी करावीच लागतात, नाहीतर कोवळं झाड उरत नाही आणि रस्त्यावर गाड्यांखाली येऊन ती तडफडून मरतात ते वेगळंच. शशिकांतला ते पटलं होतं. खेरितने त्याला सगळं शिकवलं. फक्त एकच गोष्ट त्याच्याने झाली नाही. वडिलांना सांगणं. "रानात जातो, हरणं मोजतो," असं सांगायचा. बाबा खूश व्हायचे. "मोज बाबा, मोज," म्हणायचे.

गंमत अशी की खेरितचे नि बाबांचे नियम एकच होते. जनावरं दिवसा जिथे निजतात ना, ती त्यांची बैठक, तिथे पाय ठेवायचा नाही. खेरित चाळीस वर्षांत आपल्या रानातल्या बैठकीत एकदाही शिरला नव्हता. बाबा म्हणायचे, ते जनावराचं माजघर आहे, परक्याने ओसरीवरच थांबावं. आणि खेरितचा आणखी एक रिवाज होता. हरीण पडलं की तो ओकची छोटी डहाळी तोडायचा आणि मेलेल्या हरणाच्या तोंडात ठेवायचा. शेवटचा घास म्हणून. मग टोपी काढून गप्प उभा राहायचा. शशिकांतने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याचे डोळेच भरून आले. आपल्याकडे जाणाऱ्याच्या तोंडात तुळशीचं पान ठेवतात, पाणी घालतात, तसंच की हे.

आता बाबांचा आणखी एक नियम ऐका. हा नीट ऐका.

दिवेलागणीनंतर रानातून कुणी नाव घेऊन हाक मारली, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसरी हाक आली तरच समजायचं, माणूस आहे. ते दुसरे जे असतात… ते दोनदाच हाक मारतात. जो ओ देतो, त्याला घेऊन जातात.

फॉरेस्टच्या क्वार्टरमध्ये वाढलेल्या पोराच्या हाडीमासी हा नियम भिनला होता. बाबा गस्तीवरून परत येताना अंगणातून तीनदा हाक मारायचे. "शशी… शशी… शशी…" मगच हा दार उघडणार. पुढे फोन आले तरी बाबांची सवय तीच राहिली. एकदा उचलला नाही तर पुन्हा लावायचे, मग तिसऱ्यांदा. न चुकता तीनदा. आणि शशिकांतलाही सवय लागली. मीटिंगमध्ये असला, गाडी चालवत असला, की म्हणायचा, तिसऱ्याला उचलीन. बाबा काय, तीनदा करतातच.

मागच्या वर्षी, मंगळवार, एकोणतीस सप्टेंबर दोन हजार वीस. बाबा दोन दिवस कोल्हापुरात दवाखान्यात होते. करोनाच. पण शशिकांतची बहीण सुरेखा म्हणाली होती, "ताप उतरलाय, गुरुवारी घरी सोडणार आहेत. तू उगाच काळजी करू नको." तिने काय करावं? विमानं बंद. भाऊ तिकडे तडफडणार, म्हणून तिने अर्धंच सांगितलं. माझी तरी तिला बोल लावायची छाती नाही.

म्हणून शशिकांत त्या संध्याकाळी मचाणावर गेला. सप्टेंबरअखेर म्हणजे हरणांच्या माजाचे दिवस. इथली ही हरणं आपल्या सांबराएवढी मोठी. नर रात्रभर डुरकतात. एक डुरकला की दुसरा ओ देतो, आणि ओ देणाऱ्याचा ठावठिकाणा कळतो. शिकार होते ती त्यामुळेच. शशिकांत नऊ संध्याकाळी रिकाम्या हाताने परतला होता. त्या दिवशी बैठकीच्या पाइन झाडांतून एक लंगडा नर बाहेर आला. यादीतला, म्हणजे मारायची परवानगी असलेला. वारा शशिकांतच्या तोंडावर होता. सगळं जुळून आलं होतं.

सात वाजून बारा मिनिटांनी छातीवरच्या खिशात फोन थरथरला. स्क्रीनवर बाबा.

त्याने उचलला नाही. उचलला असता तर बाबांनी विचारलं असतं, कुठे आहेस रे?

सात एकवीसला पुन्हा थरथरला. त्या शांततेत तेवढाही आवाज मोठा वाटला. नराने मान वर केली. शशिकांतने काय केलं असेल? खिशावर पंजा दाबून धरला, छातीशी घट्ट, आवाज होऊ नये म्हणून. आणि मनात म्हणाला, बाबा, तिसऱ्याला उचलतो.

तिसरा फोन आला नाही.

नर परत झाडांत गेला. बार झालाच नाही. अंधार पडल्यावर याने उलट फोन लावला. वाजत राहिला. घरी पोचला तेव्हा सुरेखाचा फोन आला. बाबा गेले. गेले तेव्हा तिकडे रात्रीचे अकरा, इकडे साडेसात. नर्सने सांगितलं, आजोबांनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून स्वतः दोनदा फोन लावला. तिसऱ्यांदा लावताना फोन हातातून निसटला.

त्यांना काय सांगायचं होतं, ते त्यांच्याबरोबरच गेलं.

अग्नी दिला तो महापालिकेच्या माणसांनी. सुरेखालासुद्धा गेटच्या आत सोडलं नाही. मोरेश्वरांच्या तोंडात ना तुळशीचं पान पडलं, ना पाण्याचा थेंब. शशिकांत इथे स्वयंपाकघरात जमिनीवर बसून होता. अश्लेषा मला फोन करून रडत होती, "काका, हा बोलतच नाहीये, तुम्ही या ना." पण जाणार कसा? घरी तीन पाहुण्यांच्या वर बोलवायचीही पंचाईत, त्यात मी दमेकरी. फोनवरून काय मोठं सांत्वन करणार? तेही मला सलतं अजून.

त्यानंतर वर्षभर त्याने बंदूक कपाटाबाहेर काढली नाही. मचाणाकडे फिरकला नाही. अधिक महिन्यातलं मरण, म्हणून श्राद्धाची तिथी गुरुजींनी पुढे, आजची काढून दिली होती. पण तारीख ती तारीखच. ती काही कॅलेंडरवरून पुसता येत नाही.

धवल, ढवळतोयस ना? बरं.

तर शशिकांत दुर्बीण आणायला निघाला. वाळूच्या वाटेवर सायकल झाडाला टेकवली, शेवटचं अंतर चालत गेला. शिडी चढला. दुर्बीण खिळ्यालाच होती. गळ्यात अडकवली. काम झालं. उतरायचं.

पण तो बसला. म्हणाला, "काका, पाय दुखत नव्हते, काही नाही. वर्षभराने बसलो. दोनच मिनिटं बसावं म्हटलं."

सूर्य बुडाला. खालच्या गवतावर धुकं धरलं. पाइनच्या झाडांतून पहिला नर डुरकला. लांबून दुसऱ्याने ओ दिली. मग तिसरा. सगळं रान आवाजाने भरून गेलं. वर्षापूर्वी होतं तसंच्या तसं. त्याला रडू आलं आणि त्याने ते येऊ दिलं. तिथे बघणारं कोण होतं?

आणि मग एकदम सगळं थांबलं.

हळूहळू नाही. एकदम. नळ बंद करावा तसं. वारा पडला. पान हलेना. त्याने घड्याळात पाहिलं. का पाहिलं, ठाऊक नाही.

सात बारा.

"शशी…"

बैठकीच्या झाडांतून. जिथे माणूस जात नाही तिथून.

आवाज बाबांचा. त्यात दम नव्हता. मास्क बाजूला करून मारल्यासारखी हाक.

निहार, थांब. "हे खरं आहे का" ते नंतर विचार.

शशिकांतने मचाणाचा कठडा धरला. तोंड घट्ट मिटलं. हाडात मुरलेला नियम आपोआप उठून बसला. पहिल्या हाकेला नाही. घरी अश्लेषा आहे. झोपेला आलेली लहान लेक आहे. ओ द्यायची नाही.

मिनिटं गेली. किती, ते त्याला कळत होतं. शेवटचं मिनिट फार लांबलं.

सात एकवीस.

"शशी…"

आता जवळून. धाप लागलेली.

दुसऱ्यालाही नाही. बाबांनीच शिकवलेलं. तिसरी येऊ दे… तिसरी आली की…

आणि त्याच्या लक्षात आलं की आपला हात कठड्यावर नाही. तो छातीवर आहे. खिशावर. पंजा दाबून धरलेला. खिशात फोनसुद्धा नव्हता, तो घरी चार्जिंगला होता. हात मात्र होता तिथेच, वर्षापूर्वीसारखा.

तो मला म्हणाला, "काका, तेव्हा मला भीती नाही वाटली. लाज वाटली. न्यायचं तर नेऊ देत म्हटलं. पण आज बाबांना थांबवून ठेवायचं नाही."

त्याने हात काढला. उभा राहिला. आणि लहानपणी अंगणात द्यायचा तशी, गळा फोडून ओ दिली.

"ओ! बाबा, ओ! मी इथेच आहे… बाबा, मी मचाणावर होतो. बंदूक घेऊन. म्हणून नाही उचलला…"

काही नाही.

धुकं.

मग झाडांत खसखस झाली. माद्या उठल्या. एकेक बाहेर आली. माणूस वर ओरडत होता तरी एकही उधळली नाही. मचाणाच्या खालून, शिडीला अंग घासत, शांत चालत गेल्या. शेवटी नर. लंगडा. तोच. त्याने वर पाहिलंसुद्धा नाही.

बैठक रिकामी झाली.

आणि त्या रिकाम्या जागेतून…

"शशी."

तिसरी.

या वेळी धाप नव्हती. गस्तीवरून घरी आल्यावर, बूट काढता काढता मारावी, तशी साधी हाक.

शशिकांत खाली उतरला. टॉर्च लावला आणि बैठकीत शिरला. खेरित चाळीस वर्षांत शिरला नव्हता तिथे. आत कुणी नव्हतं. पाइनच्या सुया नि वाळकं गवत दाबून केलेल्या हरणांच्या जागा होत्या, सात-आठ. सगळ्या गोल, टोपलीसारख्या. एक तेवढी लांबट होती. कुशीवर निजलेल्या माणसाएवढी. त्याने वाकून हात ठेवला. ऊब होती.

हरणाचीही असेल. मी तसंच म्हणालो त्याला. तोही म्हणाला, असेल.

तो तिथे बसला. बराच वेळ बसला. काय बोलला ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. मग उठून कडेच्या ओकची एक डहाळी तोडली. तीन पानांची. त्या जागेत, जिथे तोंड असेल असं वाटलं, तिथे ठेवली. बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन त्यावर सोडलं. थेंब थेंब. वर्षभर राहून गेलेलं काम होतं ते.

घरी पोचला तेव्हा अश्लेषा दारातच उभी होती. ती त्याच्या केसातल्या पाइनच्या सुया काढत राहिली.

ओ दिली की माणूस जातो म्हणतात. शशिकांत गेला नाही. आहे, चांगला आहे. फक्त आता कुणाचाही फोन पहिल्या रिंगलाच उचलतो. विमा विकणाऱ्यांचासुद्धा. मी परवा सहज लावला, तर वाजायच्या आत "ओ काका!"

दूध लागलं का रे खाली? लागू दे. थोडंच राहिलंय.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो दुर्बीण द्यायला गेला आणि त्याने खेरितला सगळं सांगितलं. बैठकीत शिरलो, नियम मोडला, तेही. म्हातारा रागावला नाही. टोपी घातली, काठी घेतली आणि म्हणाला, "चल." आयुष्यात पहिल्यांदा खेरित त्या झाडांत शिरला.

दव चांगलं पडलं होतं. गवत पांढरं झालेलं. त्यावर ये-जा होती ती एकाच बुटांची, शशिकांतच्या. रात्रीत दुसरं काही तिथे आलं नव्हतं, ना खूर, ना पंजा, ना पाखराचा पाय. डहाळी ठेवली होती तिथेच होती.

पानं दोनच होती.

खेरितने काठीवर वाकून डहाळी पाहिली. एवढंच म्हणाला, "हरीण एका पानावर थांबत नाही." आणि त्याने टोपी काढली.

ती डहाळी शशिकांतने देवघरापाशी डबीत ठेवलीय. आज जेवणं झाल्यावर त्याने मला दाखवली. वाळलीय आता. मी चष्मा लावून पाहिली. खिडकीशी उजेडात नेऊन पाहिली, जन्मभर मापं बघितली तशी. तिसऱ्या पानाची जागा दिसते. तुटलेलं नाही. कुरतडलेलं नाही. देठाशी, चिमटीत धरून, अलगद… आपण तुळशीचं पान खुडतो ना, तसं.